मार्थाबाईचं लाल दोऱ्याचं फडकं

ये आशा, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, बस जरा माझ्यापाशी आणि आधी चार शब्द ऐकून घे. आईला माती दिलीस आणि तिसऱ्या दिवशी निघालीस. तुझी गाडी माझ्या दारावरून गेली तेव्हा मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. हात वर केला मी. काच वर होती, तू पाहिलंस की नाही देव जाणे... पण गाडी काही थांबली नाही. पुण्याच्या दवाखान्यात चार जणींवर हुकूम चालवणारी शहाणी पोर तू, आईच्या मैत्रिणीच्या दारात पाच मिनिटं टेकायला तुला काय झालं होतं? आणि मग महिन्याभरानं फोन करून म्हणतेस, "मावशी, आईवर पेपरच्या पुरवणीत काहीतरी लिहा. तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं." ह्या वाक्यावर मी दोन दिवस घालवले. सरळ मनानं म्हणालीस की टोचून म्हणालीस, ते मला अजून उलगडलेलं नाही. स्वभावच माझा तसला. आमचे मालक म्हणायचे, "कौसाला दूध दिलं तर ती आधी मांजर कुठं हाय ते बघती."

तर लिहिते. शाळा माझी दुसरीत सुटली, पुढची अक्षरं मी चर्चमधल्या गीतांवरून बोट फिरवत शिकले, तेव्हा काना-मात्रा पुरवणीवाल्यांनी बघून घ्याव्यात. आमचं गाव घाटनांदूरपासून पायी तासाभरावर. ख्रिस्ती घरं थोडी, त्यांचं एक बुटकं चर्च आणि चर्चला एक घंटा. त्या मंगळवारी सकाळी घंटा वाजली. मंगळवारी घंटा वाजते ती एकाच कारणासाठी. हिवाळ्याचे दिवस, अर्धी मंडळी ऊसतोडीला गेलेली, घरांना कुलपं. मार्थाबाईला उचलायला माणसं कमी पडली तर शेजारच्या धनगरांच्या घरचे दोघं न बोलावता आले आणि त्यांनी खांदा दिला. सगळ्यांनी सांगितलं, कौसाबाई लई रडली. रडले मी. पण घंटा ऐकल्याबरोबर, रडण्याच्याही आधी, माझ्या मनात जे आलं ते कुणाला ठाऊक नाही. मनात आलं, चला, आता कुणाला कळायचं नाही.

काय कळायचं नाही, ते सांगण्यासाठीच बसले आहे.

मार्थाबाई आणि मी एकाच वर्षी सुना होऊन ह्या गावात आलो. ती चार दिवस आधी, म्हणून मरेपर्यंत मोठेपणा गाजवला तिनं. सरपणाला बरोबर, पाण्याला बरोबर, बाजाराला बरोबर. तिच्या हातात सुई होती आणि माझ्या हातात लाटणं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला बाजारचा पाव कधी आणत नाहीत. मंडळीतली एक बाई सकाळी न्हाऊन बिनमिठाची चपाती करते, ती चपाती मेजावर जाते, पाळकसाहेब ती मोडतात आणि सगळ्यांना एकेक तुकडा मिळतो. सासूनंतर ते काम माझ्याकडं आलं. मार्थाबाईनं तेव्हा चपाती झाकायला पांढरं फडकं शिवून दिलं, एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा क्रूस. दोरा बाजारातला स्वस्तातला, पहिल्याच धुण्यात रंग फुटला आणि क्रूसाच्या भोवती गुलाबी डाग पसरला. मला हसू आलं. ती म्हणाली, "हसतीस काय? प्रभूला चालतंय."

आणखी एक रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आमच्यात एकमेकांच्या दारात जायचं असतं. वर्षात कुणाशी तंटा झाला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मेजावर जाण्याआधी ते मिटवायचं. मनात गाठ ठेवून तो तुकडा खायचा नाही. आणि चपाती करणाऱ्या बाईच्या मनात तर गाठ चालतच नाही.

विजू माझा दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि झटके यायला लागले. अंबाजोगाईला नेला, औषधं झाली, प्रार्थना झाल्या, सगळी मंडळी घरी येऊन गुडघे टेकून गेली. ताप उतरेना. पोर हातात काठीसारखं ताठ व्हायचं. शेजारची धनगरीण म्हणाली, कपिलधारला नारळ ठेव, माझ्या नातवाला गुण आला. कपिलधारच्या देवाचा ह्यात काही दोष नाही, तिथं श्रद्धेनं जाणाऱ्यांचाही नाही. ते त्यांच्या देवाकडं सरळ जातात. मी वाकड्या वाटेनं गेले... गेलेही नाही, मालकांना पाठवलं. ते गवंडी होते, चर्चचे पंच होते, नको म्हणत होते. मीच रडून रडून पाठवलं. बीडच्या बाजूला, लांब, आपल्यातलं तिकडं कोण बघतंय. नारळ बांधून द्यायला स्वच्छ कापड शोधलं. पोर मांडीवर ताठ झालेलं, हाताला लागलं ते पांढरं फडकं ओढलं, नारळ त्यात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. ते गेल्यावर कळलं, कोणतं फडकं दिलं ते.

आणि मार्थाबाईचं माहेर नेमकं तिकडंच. ती माहेराहून परत येत होती. कपिलधारच्या फाट्यावर आमचे मालक एसटीत चढले ते हिच्या समोरच्याच बाकावर बसले. कपाळाला भस्म, मांडीवर त्या फडक्यात अर्धवट गुंडाळलेला प्रसादाचा नारळ. घरी येऊन मला म्हणाले, "मार्था होती गाडीत. सलाम केला मी."

मी विचारलं, "फडकं बघितलं का तिनं?"

"आता ते मला काय म्हाईत?"

एवढंच बोलणं झालं. विजूचा ताप त्या आठवड्यात उतरला. औषधानं उतरला, प्रार्थनेनं उतरला की आणखी कशानं, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. पोरगा आज लातूरला नोकरी करतो, दोन लेकरांचा बाप आहे. हा पेपर त्याच्याही घरी येतो.

आशा, तुझ्या आईनं चुगली केली असं मी मनात वर्षानुवर्षं म्हणत आले, पण खरं ते लिहिते. तिनं घरी आपल्या नवऱ्याला बोलता बोलता सांगितलं, आणि तुझे बाप पंच होते, त्यांनी ते पंचांपुढं नेलं. मग तिला साक्षीला उभं केलं. चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मी बायांत पुढंच. जुने पाळकसाहेब शांत आवाजात विचारत होते.

"ह्यांच्या कपाळाला भस्म पाहिलंस?"

"पाहिलं."

"नारळ पाहिलास?"

"पाहिला."

"संगं कोण होतं?"

"कुणी न्हवतं."

"आणखी काही सांगायचंय?"

मार्थाबाईनं तेव्हा मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. किती वेळ... एक श्वास घेण्याइतका असेल. मग म्हणाली, "विचारलं तेवढं सांगितलं."

मालकांना विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून गेलात? ते म्हणाले, माझ्या मनानं गेलो. मी खाली मान घालून बसले होते. एक शब्द तोंडातून निघाला नाही. घरी आल्यावर म्हणाले, "एकानं मागं बसायचंच असंल तर मी बसतो. तुला चपाती करायची असती." त्यांना सहा महिने शिस्तीखाली ठेवलं, म्हणजे पंचपद गेलं, प्रभुभोजन बंद, आणि बसायचं ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, चपलांच्या शेजारी. सहा महिने मी चपाती केली आणि माझ्या नवऱ्याला तिचा तुकडा मिळाला नाही. मुदत संपली त्या रविवारी पाळकसाहेब स्वतः मागं चालत गेले, त्यांचा हात धरून त्यांना पुढं मेजापर्यंत आणलं, सगळी मंडळी उभी राहिली. बाया डोळे पुसत होत्या. मला रडू आलं नाही. मी मार्थाबाई कुणाकडं बघते ते बघत होते.

तेव्हापासून माझं एकच काम. हिनं फडकं पाहिलं होतं की नाही? पाहिलं असेल तर पाठवणारी मीच, हे तिला कळलं. मी ते फडकं तीनदा धुतलं, तरी चपातीवर घालवेना. पेटीच्या तळाला टाकलं आणि बाजारातून निळ्या काठाचं दुसरं आणलं. पुढच्या प्रभुभोजनाला मार्थाबाईची नजर त्या निळ्या काठावर गेली, मी पाहिली. कुणीही बाई विचारील, अगं माझ्या हातचं कुठं गेलं? हिनं विचारलं नाही. त्या रविवारी नाही, नंतर कधीच नाही. म्हणजे हिला ठाऊक आहे. की मी रागानं तिचं काम फेकून दिलं असं समजून गप्प बसली? दोन्हीकडून मला चैन नव्हती.

आणि ती शनिवारी यायची. दर प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, उन्हं कलली की. पदर सावरत उंबऱ्यापाशी उभी राहायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "कौसे, मी बोलायला नको होतं गं. मनात धरू नको." मी म्हणाले, "न्हाई धरत." आणि दार लावलं. त्यानंतर चाळीस वर्षं तिचा प्रश्न एकच.

"कौसे, तुझ्या मनात माझ्याबद्दल काही हाय का?"

"न्हाई. तुझ्या?"

"माझ्या बी न्हाई."

इथं संपायला पाहिजे होतं. पण ती जायची नाही. चौकटीला हात लावून उभी. मी म्हणायचे, "आता कावून थांबलीस?" ती म्हणायची, "दम खाते जरा." म्हातारपणी ठीक आहे, पण तिशीतल्या बाईला दहा पावलांवर कसला दम लागतो? मला वाटायचं, ही वाट बघते आहे. माझ्या तोंडून काढून घ्यायला आली आहे. मंडळीतल्या बाया म्हणायच्या, "मार्थाबाई किती नम्र, दर वेळी स्वतः चालत जाती." मला वाटायचं, लोकांनी तेच म्हणावं म्हणून जाते.

तिच्या चांगुलपणाचा मी असा काही तपास केलाय की पोलिसांनी शिकावं. मालक वारले तेव्हा तीन दिवस पिठलं-भाकरी तिच्या घरून. मी ताट उचलून खाली करणीबिरणी ठेवलीय का ते बघितलं होतं, खोटं कशाला सांगू. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तर आठ दिवस माझं अंगण झाडून गेली, आणि मी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं आत बसून कान देत होते, ही झाडता झाडता कुणाशी काय बोलते. एकदा हरभऱ्याचा डहाळा पाठवला, कोवळा, घाटे भरलेले. आधी शेळीपुढं टाकला. शेळीनं मिटक्या मारत खाल्ला आणि मी संध्याकाळपर्यंत शेळीवर नजर ठेवून होते. तिला काही झालं नाही. मला मात्र घाटे मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मार्थाबाईनं विचारलं, "गोड होते का गं?" मी म्हणाले, "लई गोड." ती हसली. का हसली, त्याचाही मी महिनाभर विचार केला.

नवे पाळकसाहेब आले, पोरसवदा, मोटरसायकलवर फिरणारे. त्यांनी एका रविवारी लपवलेल्या पापावर उपदेश केला तर मी चर्चमधून निघता निघता त्यांना विचारलं, "हा विषय कुणी सुचवला तुमाला?" ते बिचारे गोंधळले. म्हणाले, "मावशी, चुकलं का काही?"

शेवटची भेट सांगते. ह्या हिवाळ्यातला शनिवार. उन्हं कलली, मार्थाबाई आली नाही. मी दोनदा ओट्यावर येऊन गेले. मग तिची सून आली, म्हणाली, "आत्यांना उठवत न्हाई. तुमालाच बोलावलंय." चाळीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी मी तिच्या दारात गेले. अंगणात उन्हाला बाज टाकलेली, त्यावर ती, चादरीखाली अंग नव्हतंच. माझ्याकडं बघून म्हणाली, "आज तू विचार."

मी विचारलं, "मार्थे, तुझ्या मनात माझ्याबद्दल काही हाय का?"

"होतं," ती म्हणाली. "लई वर्षं झाली. मग न्हाई राहिलं."

काय होतं ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "ते माझ्या हातचं फडकं अजून हाय का गं?"

"विरलं. टाकून दिलं."

फडकं माझ्या पेटीत होतं, आशा. मरणाच्या दारात पडलेल्या बाईशी मी खोटं बोलले. खरं माझ्या जिभेवर आलं होतं, ओठांपर्यंत आलं होतं, आणि तेवढ्यात सूनबाईनं चहा आणला आणि मी चहाच्या कपात तोंड घातलं. मार्थाबाई म्हणाली, "बरं. मग दुसरं..." आणि खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली तिची. हाडं लागली हाताला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन मी चपाती केली, निळ्या काठाखाली झाकली आणि नेली. मंगळवारी घंटा वाजली.

तू गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाळकसाहेब मोटरसायकलवरून आले. साखरेच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "आशाताईंनी दिलंय. आईच्या पेटीच्या तळाला होतं. आईनं सांगून ठेवलं होतं म्हणे, हे कौसाला द्या."

उघडलं तर पांढरं फडकं. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा क्रूस.

आधी मला राग आला. वाटलं, बघा, म्हणजे ठाऊक होतं हिला, आणि मेल्यावर तोंडावर फेकलं. दार लावून घेतलं, चष्मा लावला, आणि ते फडकं उलटंपालटं करून बघत बसले. टाके तिच्या म्हातारपणाचे नव्हते. शेवटची दहा वर्षं तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, मीच ओवून द्यायचे. हे टाके बारीक, सारखे, तरण्या हाताचे. घड्यांवर पिवळ्या रेघा, इतक्या जुन्या की उलगडताना कापड कुरकुरलं. मग मी पेटीतलं माझं फडकं काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. दोरा तोच. तो रंग फुटणारा स्वस्तातला लाल दोरा, ते दुकान तर विजूच्या लग्नाच्याही कितीतरी आधी बंद झालेलं. एकाच रिळाचा दोरा. नव्याला पाणी लागलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या क्रूसाभोवती गुलाबी डाग नव्हता, एवढाच फरक.

म्हणजे तिनं एसटीतच ओळखलं होतं. पंचांपुढं माझ्याकडं पाहिलं ते ओळखूनच. आणि घरी जाऊन, त्याच दिवसांत कधीतरी, तिनं दुसरं शिवायला घेतलं. मला ते चपातीवर घालवणार नाही, हेही तिला कळलं होतं. शिवून ठेवलं आणि वाट बघितली. मी एक शब्द बोलले असते तर त्या दिवशी ते माझ्या हातात पडलं असतं. ती दम खात नव्हती चौकटीला धरून... की हेही मीच आता सोयीनं रचते आहे? शक काही जात नाही, बाई. पण आता तो तिच्यावर येत नाही, माझ्यावर येतो.

मी पाळकसाहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, प्रभूनं केव्हाच क्षमा केली तुम्हाला." इतक्या सहज म्हणाले की मला पटेना. चाळीस वर्षांचं ओझं, आणि ह्यांनी फुंकर मारल्यासारखं उडवलं. मी म्हणाले, "प्रभूनं केली असंल. माझ्या मालकांना सहा महिने मागं बसवलंत, मला बी बसवा." ते म्हणाले, "ती पद्धत आता राहिली नाही." मी म्हणाले, "पद्धत राहिली नसंल. मी हाय ना अजून."

तर आता मी शेवटच्या बाकावर बसते, चपलांच्या शेजारी. चपाती बंद केली. तिथं बसल्यावर एक गोष्ट कळली जी मालकांनी कधी सांगितली नाही. तिथून मेज दिसत नाही. मधला खांब आड येतो. सहा महिने त्यांनी मी केलेली चपाती मोडताना पाहिलीही नव्हती, नुसती ऐकली होती. आणि समोर बायांच्या रांगेत मार्थाबाईची जागा दिसते, रिकामी. कुणी अजून तिथं सरकून बसत नाही.

पाळकसाहेबांनी एक ठरवलंय. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून ऊसतोडीच्या टोळ्या गावात परत आल्या, की सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन होईल. तेव्हा मी उभी राहून हे सगळं सगळ्यांपुढं बोलायचं, आणि मग ते मागं येऊन माझा हात धरणार. बोलवेल का मला, ह्याची खात्री नाही. ऐन वेळी चहाच्या कपात तोंड घालायची सवय आहे मला. म्हणून आधी इथं लिहिते. छापून आलं की मागं फिरता येत नाही. विजू वाचेल आणि फोन करील, तेव्हा काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

आशा, दोन्ही फडकी माझ्या खाटेवर उशाशी आहेत. शनिवारी उन्हं कलली की मी अजून ओट्यावर येते आणि रस्त्याकडं बघते. चौकटीला डाव्या बाजूला, हात टेकायच्या उंचीवर, रंग गेलाय. चाळीस वर्षं माझ्या दाराचा रंग का जातो म्हणून मी रंगाऱ्याला दोष देत होते.

त्या रविवारची चपाती तू कर. पीठ मी चाळून ठेवते, लाटणंही काढून ठेवते, मीठ तेवढं घालू नको. तुझ्या आईनं शिवलेलं फडकं त्यावर पहिल्यांदा पडू दे. पण त्यासाठी आदल्या शनिवारी यायला लागेल. आणि दारात आलीस की आधी तेच विचार, तुझी आई विचारायची ते. मी ह्या वेळी न्हाई म्हणणार नाही. मग आत ये, बस, चहा घे. डहाळ्याचे दिवस संपायच्या आत आलीस तर घाटेही भाजून देईन, शेळीला न दाखवता. काच खाली करून ये. लवकर ये.